लेकरांची मुंबई फक्त सहा डिसेंबरची का?

"पप्पा, मुंबईत समुद्र आहे म्हणतात. कुठं आहे?"

माझ्या दहा वर्षांच्या लेकीने हे विचारलं तेव्हा मला काय बोलावं ते सुचेना. ही पोरगी दोनदा चैत्यभूमीला जाऊन आली आहे. एकदा माझ्या खांद्यावर बसून, एकदा माझा हात धरून. चैत्यभूमी दादरच्या चौपाटीवर आहे, स्तूपाच्या मागे पाऊल टाकलं की वाळू लागते. पण दोन्ही वेळा सहा डिसेंबर होता, रात्रीची रांग होती आणि तिच्या डोळ्यांपुढे माणसांच्या पाठी होत्या. समुद्र तिच्या बाजूलाच होता आणि तिला तो दिसला नव्हता.

तिची मुंबई म्हणजे देवगिरी एक्स्प्रेसचा जनरल डबा, शिवाजी पार्कचे मंडप, पुस्तकांचे स्टॉल, सतरंजीवरची झोप आणि परतीच्या गाडीतली रेटारेटी. त्या गर्दीची मला लाज नाही, उलट अभिमान आहे. कुणाच्या बोलावण्याशिवाय, कुणाच्या पैशाशिवाय लाखो माणसं आपल्या बापाला वंदन करायला येतात आणि जाताना पिशवी भरून पुस्तकं नेतात. असं जगात फार ठिकाणी घडत नाही. माझे वडीलही तसेच जायचे. मुंबईला ते आयुष्यात अनेकदा गेले, पण मोर्चाला, सहा डिसेंबरला आणि एकदा आजारपणात दवाखान्याला. मुंबई बघायला असे ते कधीच गेले नाहीत. मीही त्यांच्याच वाटेने चाललो होतो, आणि माझी लेकरं माझ्या मागे.

दुसरा प्रश्न धाकट्याचा. तो सात वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या. गल्लीत पोरांनी मातीचे किल्ले केले होते, फटाके वाजत होते. हा दारात उभा राहून बघत होता. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "बाळा, आपल्यात ते नसतं." त्याने वळून विचारलं, "मग आपल्यात काय असतं?"

कार्यकर्ता मित्रांनो, हा प्रश्न नीट ऐका. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात जुनं सोडायच्या प्रतिज्ञा आहेत, तशाच नवं धरायच्याही आहेत. आपण आपल्या घरात मात्र लेकरांच्या हातात 'नाही'ची यादी तेवढी दिली. हे करायचं नाही, तिथं जायचं नाही, तो प्रसाद खायचा नाही, त्या मंडळात नाचायचं नाही. यातला प्रत्येक नकार बरोबर आहे, मी एकही मागे घेत नाही. पण नुसत्या नकारावर पोर वाढत नाही. आपण 'हो' म्हणायला काही दिलं नाही, तर शेजारचा देईल. तो द्यायला बसलेलाच आहे, त्याच्याकडे ढोल आहेत, मिरवणुका आहेत, सहली आहेत. मोठी होऊन मुलं चळवळीपासून का तुटतात याची कारणं आपण राजकारणात शोधतो. थोडी आपल्या घरातल्या सुट्ट्यांमध्येही शोधावीत.

म्हणून त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघांनी मुंबईला जायचं ठरवलं. चार दिवस, फक्त फिरायला.

चळवळीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "आता सहली काढायला लागलात! मध्यमवर्गीय झालात म्हणा की." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा होता. पण टोमण्यालाही उत्तर द्यावं लागतं, कारण असं वाटणारा तो एकटा नाही. सहल म्हणजे चैन आणि चैन म्हणजे चळवळीशी गद्दारी, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना मनातून वाटतं.

त्याला मी बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'ची आठवण करून दिली. त्यात १९३४ सालची हकिकत आहे. चळवळीतल्या काही सहकाऱ्यांना फिरायला जावंसं वाटलं, तुम्हीही चला असं त्यांनी बाबासाहेबांना म्हटलं, आणि बाबासाहेब हो म्हणाले. वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच असं ठरलं. तीसेक माणसं निघाली. गोलमेज परिषदा आणि पुणे करार उरकून आलेला, येवल्याची घोषणा करायला वर्षच उरलेला तो माणूस सहकाऱ्यांबरोबर सहलीला गेला. तेव्हा सहलीने चळवळ बाटत नाही.

पण त्या सहलीत काय झालं तेही विसरू नका. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला हे लोक थांबले. दाराशी पाण्याचा हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी त्यात हातपाय धुतले. एवढ्यावरून हौद बाटवला म्हणून आरडाओरड झाली, माणसं जमली, शिव्या झाल्या. अंगावर येणारे मुसलमान होते. जातीची घाण एका धर्मापुरती थांबत नाही, हे बाबासाहेबांना त्यातून दाखवायचं आहे. शेवटी किल्ला बघायला मिळाला, पण आत कुठे पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत हत्यारी शिपाई घेऊन.

त्याच पुस्तकातली पहिली आठवण १९०१ ची आहे. ती तर सरळ मुलांच्या सुट्टीचीच गोष्ट आहे. वडील कोरेगावला नोकरीला, मुलं साताऱ्याला. उन्हाळ्याच्या सुट्टीत या, असं वडिलांचं पत्र आलं. नवे कपडे शिवले, नव्या टोप्या आणल्या, नवे बूट आणले. पोरं हरखून आगगाडीत बसली. मसूरला उतरली तर घ्यायला कुणी नाही, पत्र पोचलंच नव्हतं. पोरं महाराची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर दूर झाला. बैलगाडीवाला दुप्पट भाड्याला तयार झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं या बोलीवर. रात्रभर डब्यात जेवण होतं आणि प्यायला पाणी नव्हतं.

हे दोन्ही प्रसंग आपण भाषणात शंभरदा सांगतो. पण त्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. ही माणसं मोर्चाला निघालेली नव्हती. एकदा सुट्टीला निघाली होती आणि एकदा फिरायला. जातीने त्यांचं पाणी अडवलं, आणि त्याबरोबर त्यांची सुट्टीसुद्धा हिसकावली. नवे बूट घालून निघालेल्या पोरांचा हरखलेपणा हिसकावला. मग तो परत मिळवणं हे आपलं काम नाही का? माझा सहकारी यावर काही बोलला नाही. निघताना मात्र म्हणाला, "राजगृह दाखवा पोरांना." मी म्हटलं, "दाखवतो. आणि पेंग्विनही दाखवतो."

परभणीहून रात्रीच्या देवगिरीत बसलो. ज्या किल्ल्याच्या दारात बाबासाहेबांना पाण्यावरून अडवलं, त्याच किल्ल्याचं जुनं नाव या गाडीला आहे. या वेळी स्लीपरचं तिकीट होतं. धाकट्याच्या डोक्यावर निळी टोपी होती, त्यावर अशोकचक्र. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी टोपीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "आत्ताच कसे निघालात? तुमचं तर सहा डिसेंबरला असतं ना?"

"तेव्हाही असतं. आत्ता राणीची बाग बघायला चाललोय."

ते थोडं थांबले आणि म्हणाले, "रिझर्व्हेशन आहे का?"

"आहे ना. चौघांचं. कन्फर्म."

बायको तोंडाला पदर लावून हसली. गृहस्थ खिडकीबाहेर बघायला लागले. रात्री वरच्या बर्थवरून लेकीने खाली वाकून हळूच विचारलं, "पप्पा, त्यांनी बाकीच्यांना नाही विचारलं. आपल्यालाच का विचारलं?" मी म्हटलं, "झोप, उद्या सांगतो." खरं म्हणजे तिला उत्तर माहीत होतं. तिला फक्त ते मला माहीत आहे का ते बघायचं होतं.

सकाळी दादरला उतरलो, सामान घेऊनच चैत्यभूमीवर गेलो. आठवड्याच्या मधला दिवस, माणसं थोडीच. रांग नाही, धक्का नाही. वंदन केलं, दोन मिनिटं शांत बसलो आणि मागे वाळूवर गेलो. लेक तिथं उभी राहिली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हा इथंच होता?"

तासभर दोघं वाळूत खेळली. तिथलं पाणी पोहण्यासारखं स्वच्छ नाही, लाटेत उतरू देऊ नका, पण वाळू पुरते. मी त्यांना एवढंच सांगितलं, की ७ डिसेंबर १९५६ ला या समुद्राकाठी बाबासाहेबांना निरोप दिला, आणि तुमचे पणजोबा त्या दिवशी गावाकडे जेवले नव्हते. बाजूला इंदू मिलच्या जागेत स्मारकाचं काम दिसतं, त्याच्या क्रेन बघून धाकटा खूश झाला. २०१५ ला त्याचं भूमिपूजन झालं, माझी दोन्ही लेकरं त्यानंतर जन्मली, हा हिशेब मी मनातच केला.

मग पूल ओलांडून दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीत, राजगृह. इथं मी चूक केली आणि ती तुम्ही करू नका म्हणून सांगतो. पुस्तकांसाठी बांधलेलं घर, म्हणून मी दारातच व्याख्यान सुरू केलं. ग्रंथसंग्रह, परदेशातलं शिक्षण, घटना समिती, सगळं. वीस मिनिटं झाली असतील. धाकटा पायरीवर बसून बुटाची लेस सोडत होता. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही सभेत नाहीत. लेकरं आहेत ती." मी गप्प बसलो. खालच्या मजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आणि फोटो आहेत, मुलं आपापली बघत फिरली. बाहेर आल्यावर लेकीने विचारलं, "एवढी पुस्तकं वाचायची तर ते झोपायचे कधी?" माझ्या वीस मिनिटांतून जे निघालं नाही, ते तिच्या एका प्रश्नातून निघालं. तेव्हाच नियम ठरला. एका जागेला एक गोष्ट, पाच मिनिटांत. त्यापुढे त्यांनी विचारलं तर बोलायचं, नाहीतर गप्प.

मुक्काम चेंबूरला सिद्धार्थ कॉलनीत मावसभावाकडे होता. एका खोलीत आठ माणसं झोपलो. मुलांना त्यातच मजा आली. लॉजचा खर्च वाचला, हे आहेच. पण वस्तीत राहिल्यामुळे त्यांना मुंबईतली आपली माणसं भेटली, संध्याकाळी विहारात वंदना झाली, आणि रात्री मावसभावाच्या पोरांनी त्यांना गल्लीतलं क्रिकेट शिकवलं.

दुसऱ्या दिवशी परळ. बी.आय.टी. चाळ. प्लेगनंतर १८९८ मध्ये इंग्रजांनी शहर सुधारायला एक ट्रस्ट काढला, त्या ट्रस्टच्या या चाळी. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेबांचं कुटुंब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिलं. तिथं जाताना एक पथ्य पाळा. चाळीत अजून माणसं राहतात. घोषणा देत जिने चढू नका, कुणाच्या दारात डोकावून फोटो काढू नका. कुणाला तरी विचारा, नम्रपणे वर जा, गॅलरीत उभे राहा.

गॅलरीत उभं राहिल्यावर लेकीने विचारलं, "त्यांची मुलं कुठं खेळायची?"

"इथंच. या गॅलरीत, खाली चौकात."

"मग मोठी होऊन ती कुठं गेली?"

मला पाच मिनिटांचा नियम होता, पण या उत्तराला दोन मिनिटंही लागत नाहीत. यशवंत मोठा झाला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न लहानपणीच गेले. राजरत्न १९२६ मध्ये गेला, महाडच्या सत्याग्रहाच्या आधीच्या वर्षी. रमाईने या दोन खोल्यांत ते सगळं सोसलं. लेक काही बोलली नाही. तिने कठड्यावरचा हात काढून आईचा हात धरला. धाकट्याला तेवढं कळलं नाही, त्याने विचारलं, "मग आता राणीची बाग?"

क्षणभर मला त्याचा राग आला. मग वाटलं, बरोबर विचारतोय पोरगं. ज्या घरातल्या लेकरांना बालपण पुरलं नाही, त्या घराच्या गॅलरीतून उतरून आपल्या लेकराला थेट बागेत नेणं, यापेक्षा मोठी मानवंदना मला सुचत नाही. त्यांनी सोसलं ते आपल्या पोरांनी तोंडं पाडून फिरावं म्हणून नाही.

भायखळ्याची राणीची बाग परळहून जवळच. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. बुधवारी बंद असते, हे ध्यानात ठेवा. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे हम्बोल्ट पेंग्विन तिथं काचेमागे आहेत. धाकटा त्या काचेला नाक लावून अर्धा तास उभा होता. पेंग्विन चालला की हा चालायचा, पेंग्विन थांबला की हा थांबायचा. बागेत जुनी झाडं आहेत, भरपूर सावली आहे. दशम्या, ठेचा आणि शेंगाची चटणी काढून आम्ही झाडाखाली जेवलो. जेवून मुलं पाण्याच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायली, मागे उभ्या असलेल्या पोरांनीही त्याच नळाला तोंड लावलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. त्या अर्ध्या दिवसात मी कसलीही गोष्ट सांगितली नाही. आमच्या सहलीतला तो सगळ्यात चांगला अर्धा दिवस होता, असं बायकोचं मत आहे.

तिसरा दिवस कान्हेरीचा. बोरिवली स्टेशनहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं गेट जवळ आहे, लेणी मात्र सहा-सात किलोमीटर आत जंगलात आहेत. सोमवारी बंद. सकाळी लवकर जा, माकडं असतात म्हणून खाण्याची पिशवी घट्ट धरा, आणि पाण्याच्या बाटल्या भरून घ्या.

लहान मुलांना लेणी कंटाळवाणी वाटतात असं म्हणतात. आपण ती दाखवतो कशी, त्यावर ते आहे. मुलांना मूर्तीचं शतक सांगू नका, त्यांना शोधायला लावा. कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत. भिक्खूंचा दगडी बाक कुठं आहे? पाणी वाहून न्यायचा पन्हाळ कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो? तीन नंबरच्या चैत्यगृहात घुमटाखाली स्तूप आहे, बाहेरच्या ओसरीत दोन टोकांना वीस फुटांहून उंच बुद्ध उभे आहेत. धाकट्याने आपली उंची किती बुद्ध होते ते मोजायचा प्रयत्न केला, गुडघ्याशीच हिशेब संपला.

लेकीला आवडली ती पाण्याची टाकी. जवळजवळ प्रत्येक लेण्याशी कातळात कोरलेलं टाकं आहे. डोंगरावर पडणारा पाऊस पन्हाळांतून टाक्यात यायचा आणि उन्हाळाभर पुरायचा. तिथल्या शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटलं आहे. ही टाकी, या पायऱ्या, या खोल्या एखाद्या राजाने एकट्याने कोरून दिल्या नाहीत. कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे लोक दान देत होते. त्यात व्यापारी होते, सोनार होते, लोहार होते, भिक्खुणी होत्या. कुणी खोली दिली, कुणी पाणी दिलं, आणि नाव दगडावर लिहून ठेवलं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी हाताने काम करणारा माणूस इथं दाता म्हणून उभा होता.

"हे पाणी कुणीपण प्यायचं?" लेकीने विचारलं.

इथं मी नियम मोडला. पोढीच्या काठावर बसून तिला महाडचं सांगितलं, २० मार्च १९२७ चं. आणि मसूरच्या त्या रात्रीचंही. ती ऐकत होती. गाडीतल्या त्या गृहस्थांचं उत्तरही तिथंच देऊन टाकलं. म्हटलं, "काही लोकांना वाटतं की आपण मुंबईत फक्त रडायला आणि मागायला यावं. फिरायला आलेलं त्यांना बघवत नाही. आपण फिरायचं." तिने मान हलवली. म्हणाली, "आणि रिझर्व्हेशन करून."

चौथ्या दिवशी आधी चर्नी रोडला उतरलो. शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत येऊन वाचत बसायचे. घरात एवढीशी जागा, वाचायला कोपरा नाही, म्हणून बाग. तिथं विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची नजर या मुलावर पडली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा झालेल्या सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. त्या सभेचे अध्यक्ष सी. के. बोले. याच बोल्यांनी पुढे १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. धर्मशाळा म्हणजे प्रवाशाची उतरायची जागा. प्रवास करण्याचा आपला हक्क असा एकेका ठरावाने, एकेका लढ्याने मिळालेला आहे. तो वापरला नाही तर गंजेल.

तिथून फोर्टला. १९४६ मध्ये सुरू झालेल्या सिद्धार्थ कॉलेजची इमारत बाहेरून बघितली, सुट्टी होती. लेकीने पाटी मोठ्याने वाचली, एवढं पुरे झालं. मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथं सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे, नवव्या लेखाचा. त्याआधी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात आठव्या लेखाचा तुकडा सापडला होता. या आठव्या लेखाचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. अशोक त्यात सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जायचे, शिकार करायचे, मौज करायचे. मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केली. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट, दान, आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांशी धम्माची बोलणी.

इथपर्यंत वाचून माझा तो सहकारी म्हणेल, बघा, अशोकानेही मौज सोडली. पण लेख तिथं संपत नाही. या यात्रेत मला जास्त आनंद मिळतो, असं अशोक शेवटी सांगतो. त्याने आनंद टाकून दिला नाही. जिवाला जीव मारून मिळणारी मौज टाकली आणि माणसाला माणूस भेटून मिळणारा आनंद घेतला. आपल्या लेकरांच्या सहलीला याहून चांगलं तत्त्व कुठं शोधायचं? धम्मयात्रा आणि आनंद ही दोन टोकं नाहीत, हे आपल्या सम्राटाने दगडावर कोरून ठेवलं आहे. ते आपण सोपाऱ्याला सापडलेलं वाचायचं नाही आणि पोरांना म्हणायचं, आपल्यात ते नसतं?

संध्याकाळी गेटवेला कबुतरं आणि बोटी बघितल्या, भेळ खाल्ली, गाडीत बसलो.

आता थोडं व्यवहाराचं. माझ्याकडे नोकरी आहे, चार दिवस काढता आले. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्या भावाने काय करायचं? त्याच्या लेकरांना सुट्टी नाही का? आहे. आणि ती देणं एकट्या बापाचं काम नाही, वस्तीचं काम आहे. आपल्या प्रत्येक गावात जयंती मंडळ आहे. १४ एप्रिलच्या एका रात्रीच्या डीजेला जे पैसे जातात, त्यातला निम्मा हिस्सा बाजूला काढा. महामंडळाची एसटी प्रासंगिक करारावर भाड्याने मिळते. चाळीस लेकरं, चार बाया, दोन कार्यकर्ते. मुंबई लांब असेल तर जवळचं शहर धरा. मराठवाड्याला औरंगाबाद आहे, तिथली बौद्ध लेणी आहेत, पुढे वेरूळ आहे, अजिंठा आहे. विदर्भाला नागपूर आहे, दीक्षाभूमी आहे, कामठीचं ड्रॅगन पॅलेस आहे. लेण्यांसोबत एक बाग धरा, एक प्राणिसंग्रहालय किंवा विज्ञान केंद्र धरा. सकाळी वंदना, दुपारी झोके. जाताना मुलींना खिडकीजवळची जागा द्या, एरवी ती मिळत नाही. आणि सोबत येणाऱ्या वक्त्यांना आधीच बजावून ठेवा, की माईक घरी ठेवून या.

सहा डिसेंबरला आम्ही जाणारच. या वर्षीही गेलो, जनरल डब्यातून, त्याच गर्दीत. पण या वेळी रांगेत उभी असताना लेक शेजारच्या एका आजीला सांगत होती, "आजी, तिकडं मागं समुद्र आहे. सकाळी उजेडात बघा."

आणि धाकटा? शाळा उघडल्यावर वर्गातल्या पोरांनी त्याला विचारलं, तू किती फटाके उडवले? तो म्हणाला, "आमच्यात फटाके नसतात. आमच्यात मुंबई असते."

त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यानेच शोधलं. प्रत्येक वस्तीतल्या लेकराला असं काहीतरी सांगता यावं, एवढी सोय आपण पुढच्या सुट्टीपर्यंत करू या.

जय भीम. नमो बुद्धाय.